ॲलर्जी म्हणजे काय? : गाजर गवताच्या निमित्ताने



मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडा, मुळा-प्रवरेच्या कालव्यांचे भराव, पडीक राने आणि वस्त्यांभोवतालच्या मोकळ्या जागा एका झुडपाने भरून जातात. पाने गाजराच्या पानांसारखी, फुले बारीक व पांढरी. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटक चांदणी. हे गवत उपटणाऱ्या, त्यात खुरपणी करणाऱ्या काही माणसांच्या पापण्या सुजतात, मान काळवंडते, कोपराच्या लवणीत खाज सुटून कातडी जाड होते. अशा माणसाला गावात काय ऐकावे लागते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणी म्हणते महारोग झाला, कोणी म्हणते देवीचा कोप, कोणी म्हणते मागच्या जन्मीचे भोग. त्याच्या शेजारी जेवायला बसताना लोक कचरतात. मजुरीवर बोलावणे बंद होते.

वास्तविक हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्याचे कारण विज्ञानाला माहीत आहे आणि ते कारण टाळता येते. या आजाराला ॲलर्जी म्हणतात. मराठीत त्याला 'अधिहर्षता' असा पारिभाषिक शब्द आहे. परंतु बोलण्यात ॲलर्जी हाच शब्द रुळला असल्याने या लेखात तोच वापरला आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे औषध सुचविणे हा या लेखाचा हेतू नाही. आजार कसा घडतो हे समजले की भीती कमी होते आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी जाण्याची बुद्धी होते, एवढाच हेतू आहे.

शरीराचे पहारेकरी

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक व्यवस्था असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. रक्तातील पांढऱ्या पेशी हे तिचे शिपाई होत. बाहेरून आलेला पदार्थ आपला की परका, हे त्या ओळखतात. ज्या परक्या पदार्थामुळे ही व्यवस्था जागी होते त्याला 'प्रतिजन' म्हणतात. त्याच्याशी लढण्यासाठी शरीर जी विशिष्ट प्रथिने तयार करते त्यांना 'प्रतिपिंडे' म्हणतात. कुलूप आणि किल्ली जशी एकमेकांना जुळतात, तसे प्रत्येक प्रतिपिंड आपापल्या प्रतिजनाला जुळते.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची स्मरणशक्ती. एकदा गोवर येऊन गेलेल्या मुलाला सहसा पुन्हा गोवर येत नाही. लस टोचण्यामागे हेच तत्त्व आहे. शत्रूची ओळख अगोदर करून दिली की पुढच्या वेळी शरीर लवकर आणि जोराने प्रतिकार करते.

ॲलर्जीत नेमकी हीच स्मरणशक्ती अंगावर उलटते. फुलातील पराग, घरातील धूळ, एखादे औषध, टिकलीचा डिंक हे रोगजंतू नव्हेत. बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. परंतु काही व्यक्तींच्या शरीरात पहारेकरी अशा निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजतात, त्याची नोंद करून ठेवतात आणि पुढच्या वेळी तो दिसताच शस्त्रे उपसतात. या मारामारीत घराचीच मोडतोड होते. म्हणजे त्रास बाहेरच्या पदार्थाने होतो त्यापेक्षा आपल्याच शरीराच्या अतिउत्साहाने अधिक होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पहिल्या भेटीत सहसा काही होत नाही, कारण नोंद अजून व्हायची असते. "इतकी वर्षे हेच काम करतोय, तेव्हा नाही झाले, आता कसे होईल?" हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. नोंद पहिल्या आठवड्यात होऊ शकते, तशी दहा-पंधरा वर्षांनीही होऊ शकते.

शोधाची थोडी हकीकत

१९०२ साली फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे शास्त्रज्ञ एका समुद्री जीवाच्या विषावर कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. थोडे थोडे विष देऊन कुत्रा विषाला सरावेल अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. पहिल्या मात्रेतून सुखरूप उठलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी लहान मात्रेने मिनिटांत मरण पावला. या घटनेला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. रिशे यांना त्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. ग्रीक भाषेतील 'दुसरे' आणि 'कार्य' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. शरीराचे बदललेले वागणे, असा त्याचा भाव.

१९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अशा सर्व प्रतिक्रियांची चार प्रकारांत विभागणी केली. वैद्यकीय महाविद्यालयांत आजही हीच विभागणी शिकवली जाते. या चारही प्रकारांची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच सापडतात. म्हणून ती येथे क्रमाने पाहू.

पहिला प्रकार : तात्काळ प्रतिक्रिया

ही मिनिटांत होते. 'आय.जी.ई.' नावाची प्रतिपिंडे त्वचा, नाक, श्वासनलिका येथील 'मास्ट' पेशींवर बसून राहिलेली असतात. ओळखीचा प्रतिजन येताच या पेशी फुटतात आणि हिस्टामीन व इतर रसायने बाहेर पडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, खाज सुटते, श्वासनलिका आकसतात. बाजरीच्या मळणीच्या धुळीत एकामागून एक येणाऱ्या शिंका, जुनी गोधडी झटकताना लागणारी धाप, अंगावर उठणाऱ्या गांधी हे सारे याच प्रकारात मोडते. गोधडीतील दोष नुसत्या धुळीचा नसतो. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात आणि त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी असते.

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे 'पित्त उठले' म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. त्याने थंडावा वाटतो, त्यात वावगे काही नाही. परंतु गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर आली, उलटी झाली, तर ते ॲनाफिलॅक्सिस असू शकते. तेथे आमसूल चोळत बसणे म्हणजे माणूस गमावणे होय.

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्याने, इंजेक्शनाने, क्वचित खाण्याच्या पदार्थानेही हे घडते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन देशातच बनू लागले. या औषधाने असंख्य जीव वाचविले. परंतु काही थोड्या व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी असते हेही तितकेच खरे. म्हणून पूर्वी कोणत्याही औषधाने अंगावर पुरळ आले असेल, सूज आली असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे. औषधाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. 'साधा ताप आहे, एक सुई मारा' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

ॲनाफिलॅक्सिसवर पहिले औषध म्हणजे ॲड्रिनालीनचे इंजेक्शन. ते मांडीच्या स्नायूत देतात. ते मिळेपर्यंत रुग्णाला उताणे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उठवून चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा प्रकार : पेशींवर हल्ला

यात प्रतिपिंडे थेट पेशींना चिकटतात आणि त्या फोडल्या जातात. न जुळणारे रक्त चढविले तर हेच होते. या बाबतीत मुंबईचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधून काढला. या व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' गटाचे वाटते. पण त्यांच्या रक्तात असे प्रतिपिंड असते की 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. ते चढविले तर जीवघेणी प्रतिक्रिया येते. त्यांना फक्त त्याच गटाचे रक्त चालते. हा रक्तगट 'बॉम्बे रक्तगट' या नावानेच ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एका व्यक्तीचा तो असतो. रक्त चढविण्यापूर्वी रक्तपेढीत प्रत्यक्ष जुळणी करून पाहतात ती याचसाठी. आपली संस्था जयंतीनिमित्त रक्तदान शिबिर भरवील तेव्हा तरुणांनी हे अवश्य समजून घ्यावे.

तिसरा प्रकार : गुंत्यांचा त्रास

यात प्रतिजन आणि प्रतिपिंडे एकमेकांत गुंतून त्यांचे बारीक गुंते रक्तातून फिरतात आणि सांधे, मूत्रपिंडे, रक्तवाहिन्या येथे जाऊन अडकतात. याचे जुने उदाहरण म्हणजे 'सीरम आजार'. आपल्या शेतकऱ्यांना त्याची माहिती हवी, कारण त्याचा संबंध सर्पदंशाशी आहे. सापाच्या विषावरील लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ही एकच लस चालते. परंतु घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असते. त्यामुळे काहींना लस देत असतानाच पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया येते, तर काहींना आठ-पंधरा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू होते.

म्हणून लस घेऊच नये काय? मुळीच नाही. विषाने मरण येते. लसीच्या प्रतिक्रियेवर दवाखान्यात उपाय असतो. लस दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावी, एवढाच याचा अर्थ. साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेणे म्हणजे लसीची वेळ वाया घालविणे होय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा प्रकार : विलंबित प्रतिक्रिया

पहिल्या तीन प्रकारांत प्रतिपिंडे लढतात. चौथ्यात 'टी' पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतः लढायला येतात. त्यांना जमायला वेळ लागतो. म्हणून प्रतिक्रिया एक ते तीन दिवसांनी दिसते. क्षयरोगाच्या चाचणीसाठी हातावर सुई टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. ती गाठ म्हणजे हीच प्रतिक्रिया होय. येथे डॉक्टरांनी शरीराच्या स्मरणशक्तीचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

पण हीच प्रतिक्रिया त्वचेवर रोज होऊ लागली तर माणूस हैराण होतो. गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या हातांना सिमेंटमधील क्रोमियमच्या क्षारांनी भेगा पडतात. खोट्या दागिन्यांतील निकेलने कानाच्या पाळ्या चिघळतात. केस काळे करण्याच्या कलपाने डोके आणि कपाळ सुजते. टिकलीच्या मागील डिंकाने कपाळावर खाज सुटते, आणि काहींना तेथे पांढरा डाग पडतो. मग त्या मुलीला कोड आहे म्हणून सोयरीक मोडते. कारण असते टिकलीचा डिंक आणि शिक्षा होते मुलीला.

वेळेच्या या अंतरामुळे कारण सापडणे अवघड जाते. सोमवारी गवत उपटले, खाज बुधवारी सुटली, आणि दोष मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर आला, असे घरोघरी घडते. वांगी सुटतात, खाज सुटत नाही.

गाजर गवत : आपल्या दारातील उदाहरण

गाजर गवत हे मूळचे अमेरिका खंडातील, मेक्सिकोच्या बाजूचे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टरोफोरस. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळल्याची नोंद झाली. परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वत्र सांगितले जाते. एका झाडाला हजारो बिया येतात, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि वारा, पाणी, वाहने यांच्याबरोबर बी दूरवर जाते. पुण्यातून ते देशभर पसरले. आपला जिल्हा पुण्याला लागूनच आहे.

या झाडाच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर बारीक केस असतात. त्यांत 'पार्थेनिन' नावाचे रसायन असते. वाळलेल्या झाडाचा चुरा वाऱ्याने उडतो आणि तोही त्वचेवर बसतो. म्हणून गवताला हात न लावताही त्रास होऊ शकतो. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या त्वचारोगावर लिहिले आणि जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. त्यानंतर देशातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत यावर अभ्यास झाला.

लक्षणे ओळखता येतात. त्रास उघड्या भागावर सुरू होतो. चेहरा, पापण्या, मान, कानामागे, कोपराची व गुडघ्याची लवण, हातांचे पंजे येथे लाली, खाज, पाणी सुटणे असे होते. पुढे कातडी काळी, जाड, सुरकुतलेली बनते. पावसाळ्यात गवत माजले की त्रास वाढतो. वर्षानुवर्षे गेली की काहींना ऊनही सोसत नाही. शेतकरी पुरुष, खुरपणीच्या बाया, रस्त्याच्या कामावरील मजूर या साऱ्यांना तो होतो. ज्यांना एकदा ही ॲलर्जी जडली त्यांना त्याच कुळातील शेवंती, सूर्यफूल यांचाही त्रास होऊ शकतो. आपल्याकडे शेवंती लावणारे शेतकरी आणि ती तोडणाऱ्या बाया यांनी हे ध्यानात घ्यावे. याच गवताच्या परागाने काहींना शिंका आणि दमा होतो. तो मात्र पहिल्या प्रकारात मोडतो. म्हणजे एकच झाड दोन वेगळ्या मार्गांनी त्रास देऊ शकते.

निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ 'पॅच टेस्ट' करतात. संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवितात, दोन दिवसांनी काढतात आणि त्वचा पाहतात. पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. चौथा प्रकार सावकाश चालतो, म्हणून तपासणीही सावकाश चालते. 'एका दिवसात निकाल का नाही?' याचे उत्तर आता वाचकांना देता येईल.

मलमे आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या मलमांत पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण महिनोन् महिने लावल्यास कातडी पातळ होते. स्टिरॉइडच्या गोळ्या बेहिशेबी खाल्ल्याने मधुमेह, हाडांची झीज असे नवे आजार मागे लागतात. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे, पण त्याचे प्रमाण आणि मुदत डॉक्टरांनी ठरवायची असते.

तीन गैरसमज

एक, 'हा महारोग आहे.' कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा खाज नसते आणि तेथील संवेदना कमी होते. ॲलर्जीत असह्य खाज असते. शंका वाटल्यास तपासून घ्यावे. आणि समजा कुष्ठरोग निघालाच, तरी तो औषधांनी पूर्ण बरा होतो व ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तोही कुणाचे पाप नव्हे.

दोन, 'याच्या स्पर्शाने आपल्यालाही होईल.' ॲलर्जी स्पर्शाने पसरत नाही. त्या माणसाबरोबर जेवता येते, झोपता येते, त्याच्या लेकराला कडेवर घेता येते. स्पर्शाच्या नावाखाली माणसाला दूर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. आपल्या समाजाने तरी ही चूक करू नये.

तीन, 'पंपाची सवय लागते.' दम्याच्या पंपातील औषध थेट फुप्फुसात जाते म्हणून त्याची मात्रा गोळीपेक्षा फार कमी पुरते. चष्म्याने जशी डोळ्यांना सवय लागत नाही, तशी पंपानेही लागत नाही. पंप मध्येच सोडल्याने मात्र दमा बळावतो.

भगवान बुद्धांची दृष्टी

धम्माचा आणि या विषयाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो, निरोधाचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये म्हणजे वैद्याचीच रीत होय : रोग ओळखणे, कारण शोधणे, बरे होण्याची खात्री आणि उपचार.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय स्थविर बेलट्ठसीस यांना त्वचेचा रोग झाला. जखमांतील लसीने चीवर अंगाला चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत. विहाराची पाहणी करताना तथागतांनी हे पाहिले आणि विचारपूस केली. त्यांनी खाज, फोड, व्रण असलेल्या भिक्खूंसाठी औषधी चूर्ण वापरण्यास अनुमती दिली. मागच्या जन्मी काय पाप केलेस, असे त्यांनी विचारले नाही. त्या स्थविरांना कोणी संघाबाहेरही घालविले नाही.

संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे काय, असे त्याने विचारले. बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, विषम वागणूक, आघात अशी अनेक कारणे दाखवून दिली आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे मत चुकीचे ठरविले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, माणसाच्या दैन्याचे खापर पूर्वजन्मीच्या कर्मावर फोडणारा सिद्धांत बुद्धांचा असू शकत नाही, असे ठामपणे मांडले. अंगावरच्या खाजेला 'भोग' म्हणणाऱ्याला हेच उत्तर आहे.

आपण काय करावे?

१) ज्याला त्रास होतो त्याने एक वही ठेवावी. त्रास केव्हा सुरू झाला आणि त्याआधीच्या तीन दिवसांत काय काम केले, काय खाल्ले, काय लावले, कोणते औषध घेतले हे लिहावे. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

२) शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला रुमाल वापरावा. घरी येताच हातपाय व तोंड साबणाने धुवावे, कामाचे कपडे वेगळे ठेवून धुवावेत. मजूर लावणाऱ्यांनी हातमोजे पुरवावेत. ती मेहेरबानी नव्हे.

३) श्रमदानात किंवा शाळेच्या स्वच्छता मोहिमेत मुलांना उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावू नये. ॲलर्जीची नोंद अशाच वेळी सुरू होऊ शकते.

४) गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलावर आलेले उपटल्यास बी पसरते. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी टाकल्यास तो गाजर गवताला वाढू देत नाही. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला आणि पुढे सोडण्यात आला. पावसाळ्यात पानांवर तो दिसल्यास मारू नये.

५) जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. तो वर्षावासाच्या काळातच येतो. त्या काळात विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. एका सायंकाळी वाचनानंतर अर्धा तास या विषयाला द्यावा, शक्य तर त्वचारोगतज्ज्ञांना बोलवावे, आणि पुढच्या रविवारी विहाराचा परिसर साधने वापरून गवतमुक्त करावा.

६) समाजात कोणी अशा आजाराने घरात कोंडून बसले असेल तर दोघांनी त्याच्याकडे जावे, चहा घ्यावा, आणि सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागापर्यंत सोबत करावी. एका माणसाचा एक दिवस मोडेल, पण दुसऱ्याची मजुरी आणि अब्रू दोन्ही परत येतील.

विद्यार्थी मित्रांनो, जेल आणि कूम्ब्स यांचे चार प्रकार परीक्षेसाठी पाठ करणे सोपे आहे. ते जेथे उपयोगी पडावेत अशा जागा मात्र परीक्षागृहाबाहेर आहेत. तुमच्या घरी कोणी खाजेला भोग म्हणाले, तर रागावू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : गेल्या तीन दिवसांत कोणत्या रानात गेला होतात?

जय भीम ! नमो बुद्धाय !